गावच्या घरासाठी एलईडी बल्ब कसा निवडावा आणि कसा लावावा

महिन्याचं वीज वापराचं माप १०० युनिटच्या वर गेलं की वरच्या युनिटांचा दर एकदम चढतो. ज्या घरात अजून चार-पाच पिवळे (आत तार असलेले जुने) बल्ब आहेत, त्या घराला हे ओझं विनाकारण सोसावं लागतं.

म्हणून आधी घरभर फिरून कुठे किती वॅटचा बल्ब आहे आणि तो किती तास जळतो, हे कागदावर लिहा. ६० वॅटचा एक पिवळा बल्ब रोज ५ तास लावला तर ३० दिवसांत ९ युनिट होतात. त्याच जागी ९ वॅटचा एलईडी १.३५ युनिटात काम भागवतो. वसरी, स्वयंपाकघर, माजघर आणि कोठा असे चार बल्ब धरले तर ३६ युनिटऐवजी साडेपाचच्या आत. जो बल्ब सर्वांत जास्त वेळ जळतो, तो आधी बदला. सगळे एकदम बदलायला पैसे हवेतच असं नाही.

हा फरक पडतो कारण पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून लाल-पांढरी होते आणि तिच्यात गेलेली बहुतेक वीज उष्णता होऊन उडून जाते. एलईडीत तार नसते, अर्धवाहकाच्या चिपमधून थेट प्रकाश निघतो. घरात लागणारा पांढरा उजेड निळ्या एलईडीमुळे शक्य झाला. त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडे ही उष्णता नुसती वाया जात नाही, ती धोक्याचीही आहे. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात, कधी छताला टेकेपर्यंत. पेटलेल्या पिवळ्या बल्बची काच १०० अंशांच्या वर तापते. कापसाच्या खोलीतला तसा बल्ब आजच काढा, बाकीचे नंतर. एलईडी इतका तापत नाही. पण होल्डर सैल असेल तर ठिणगी एलईडीलाही उडते, तेव्हा तोही तपासून घ्या.

दुकानात गेल्यावर वॅट विचारून थांबू नका. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ल्युमेन देतो, चांगला ९ वॅटचा एलईडी ८०० ते ९००. डब्यावर आयएसआयचं चिन्ह आणि स्टार लेबल पाहा. त्यानंतर व्होल्टेज वाचा. गावासाठी माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. रात्री पंप सुरू झाले की लाईन डिम होते. १७० व्होल्टवर पिवळ्या बल्बचा उजेड जवळपास एक तृतीयांशावर येतो, पोरांना अक्षर दिसत नाही. १४० ते २७० व्होल्ट लिहिलेला चांगला एलईडी तेव्हाही तसाच उजेड देतो. स्वस्तातला मात्र लुकलुकतो. ट्रान्सफॉर्मरकडचा न्यूट्रल (परतीची तार) तुटला तर उलट २३०पेक्षा कितीतरी जास्त व्होल्ट घरात शिरतात. त्यासाठी ४४० व्होल्टपर्यंत टिकणारे बल्ब मिळतात. विजा चमकणाऱ्या दिवसांचा विचार करून सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टच्या अचानक झटक्यापासून बचाव) २.५ किलोव्होल्ट किंवा जास्त असलेला घ्या. दहा-वीस रुपये जास्त गेले तरी चालतील. बिल पक्कं घ्या, वॉरंटी त्याशिवाय मिळत नाही.

रंग जागेप्रमाणे निवडा, तो डब्यावर केल्विनमध्ये लिहिलेला असतो. अभ्यासाला आणि चुलीजवळ ६५०० केल्विनचा पांढरा, वसरीत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर. पावसाळ्यात पिवळसर उजेडावर किडे कमी येतात, ताटातही कमी पडतात.

लावताना मेन स्विच बंद करा, जुना बल्ब थंड होऊ द्या. बटन बंद केल्यावरही एलईडी मंद चमकत राहिला तर बल्बला दोष देऊ नका. पुष्कळदा वायरिंगमध्ये बटन फेजऐवजी (म्हणजे करंटच्या तारेऐवजी) न्यूट्रलवर बसवलेलं असतं. अशा वेळी बटन बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो आणि ओल्या हाताने बल्ब काढणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. वायरमनला बोलावून ते उलटं करून घ्याच.

एलईडीचा खरा शत्रू उष्णता. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात टिनाच्या छताला चिकटून बसवलेला किंवा बंद काचेत कोंडलेला बल्ब लवकर जातो. चिप बहुधा शाबूत असते, आतला ड्रायव्हर (चिपला वीज जुळवून देणारं सर्किट) जळतो. बल्ब छतापासून खाली, हवा लागेल असा टांगा. डब्यावर १५ ते २५ हजार तास लिहिलेले असतात (पिवळ्याचे सुमारे १०००), ते अशी काळजी घेतली तरच मिळतात.

जुने सीएफएल बदलत असाल तर फोडू नका, त्यात पारा असतो. उकिरड्यावर टाकले तर तो खतातून शेतात जाईल. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

एका ठिकाणी मात्र पिवळाच बल्ब राहू द्या: थंडीत कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायच्या पेटीत. तिथे उजेडापेक्षा ऊब लागते, आणि ती एलईडी देत नाही. बल्ब तुसापासून दूर, तारेच्या जाळीत टांगा.