खान्देशात जुनी झाडं बघायला कसं जायचं

उन्हाळा म्हणून घरात बसू नका भो, मार्च-एप्रिलमध्येच सातपुड्यात जा, यावल नाहीतर तोरणमाळकडे. मोहाची फुलं पहाटे गळतात म्हणून उजाडताच पोचा, पण खाली पडलेली फुलं तुडवू नका, पावरा-भिल्ल बायामाणसं ती वेचून वाळवतात, घर चालतं त्यावर. चाळीसगावकडचे असाल तर पाटणादेवीचं जंगल बरं.

झाड मोजायचं तर टेप जमिनीपासून साधारण 1.37 मीटरवर गुंडाळा. घेराला 3.14 ने भागलं की व्यास, 6 मीटर घेर म्हणजे जवळपास 1.9 मीटर. वय मात्र त्यावरून छातीठोक सांगू नका, वडाच्या पारंब्या खोडातच मिसळतात मग घेर उगाच फुगतो. पन्नाशी ओलांडलेलं झाड 2021 पासून राज्यातल्या शहरी भागात हेरिटेज धरतात, पण गावच्या पारावरचा वडही मोजाच.