आधी अंदाज, मग पट्टी: लहान मुलांना मापं शिकवताना

काही वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात मी फळ्यावर एक गणित लिहिलं: 'वर्गाच्या दाराची उंची २००० सेमी आहे, तर ती किती मीटर?' लिहायचं होतं २००, घाईत एक शून्य जास्त पडलं. सगळ्या वह्यांमध्ये एकच उत्तर आलं, २० मीटर. रूपांतर म्हणून ते अचूकच होतं. दार समोर उघडं होतं, पण एकाही मुलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं नाही. वीस मीटर म्हणजे सहासात मजल्यांची इमारत, हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझी मुलं आकडे बदलायला शिकली होती, मोजायला नाही. दोष त्यांचा नव्हता. मी त्यांच्याकडून आधी तक्ता पाठ करून घेतला होता, मग पट्टी हातात दिली होती, आणि 'तुला किती वाटतं?' हे तर कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी क्रम उलटा केला. आधी अंदाज, मग माप आणि रूपांतर अगदी शेवटी. पुढे जे लिहिते आहे ते साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. वर्गात जमतं तसं घरीही जमतं.

वीत कुणाची खरी?

सहासात वर्षांच्या मुलांना सुरुवातीला आकडे नकोतच. दोन दोऱ्या शेजारी धरा आणि लांब कोणती ते विचारा. मग अशा दोन वस्तू निवडा ज्या शेजारी आणता येणार नाहीत, म्हणजे खिडकीची रुंदी आणि टेबलाची लांबी. आता मधे काहीतरी लागणार हे मुलांना आपोआप कळतं. कुणी वीत लावतं, कुणी पेन्सिल, कुणी पट्टा काढतं. सगळं चालू द्या.

माझ्या वर्गात एकाच टेबलाची लांबी कुणाची नऊ विती येते, कुणाची दहा, आणि माझी सहा. इथे भांडण होतं, ते होऊ द्यावं. 'बाईंची वीत मोठी आहे म्हणून बाईंचं बरोबर' असं कुणीतरी म्हणतंच. सगळ्यांना मान्य होईल असं एक माप हवं, हे या भांडणातून मुलांच्याच तोंडून येतं. तोवर मी मीटर हा शब्द उच्चारत नाही.

मग मात्र गोष्ट सांगते. हेच भांडण मोठ्या माणसांचंही होतं. फ्रान्समध्ये गावोगावी मापं वेगळी होती, म्हणून १७९० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं की माप कुणाच्या हातापायाचं नको, पृथ्वीचंच घेऊ. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. त्यासाठी दलांब्र आणि मेशँ या दोघांनी १७९२ ते १७९८ या काळात डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर मोजून काढलं. पृथ्वीचा घेर जवळजवळ चाळीस हजार किलोमीटर भरतो, तो याच व्याख्येमुळे. आज मीटरची व्याख्या प्रकाशावरून होते, ती १९८३ सालची. पण आठ वर्षांच्या मुलाला पृथ्वीची गोष्ट पुरते. वर्गातली मीटरपट्टी ते नंतर वेगळ्या नजरेने हातात घेतं.

मापं अंगावर शोधायची

अंदाज बांधायला मनात काहीतरी ठेवलेलं लागतं. ते देण्याची माझी पद्धत अशी: प्रत्येक मुलाने स्वतःच्या अंगावर मापं शोधायची. कोणत्या बोटाची रुंदी एक सेंटिमीटर भरते? वीत किती सेंटिमीटरची? जमिनीपासून एक मीटर अंगावर कुठे येतो? आठ वर्षांच्या पुष्कळ मुलांचा तो खांद्याच्या आसपास येतो. दोन हात पसरले की किती? हे वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं, कारण मूल वाढतं आणि त्याची पट्टीही वाढते. मुलांना ही तपासणी फार आवडते.

अंगावर न सापडणारी मापं वस्तूंवरून घ्यावीत. छपाईचा नेहमीचा ए-४ कागद २९७ मिमी लांब असतो, म्हणजे तीस सेंटिमीटरला तीन मिलिमीटर कमी. तसे दहा कागद एकावर एक दाबून धरले की साधारण एक मिलिमीटर जाडी होते. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिमीचा. वजनासाठी पुन्हा तोच कागद कामाला येतो. सोळा ए-४ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. नेहमीच्या कागदाचं वजन चौरस मीटरला ८० ग्रॅम असतं, म्हणून एक कागद ५ ग्रॅमचा. पाचशे कागदांचा गठ्ठा अडीच किलोचा. हा गठ्ठा मी प्रत्येक मुलाच्या हातात देते. ते वजन हातात राहतं.

अंदाज म्हणजे आकडा फेकणं नव्हे

वहीत चार रकाने आखायचे: वस्तू, अंदाज, माप, फरक. अंदाज पेनाने लिहायचा आणि खोडायचा नाही. हा नियम मी आग्रहाने पाळते, कारण माप घेतल्यावर मुलं हळूच अंदाज दुरुस्त करतात. पूर्वी मी सर्वात जवळच्या अंदाजाला चांदणी देत असे. त्या काळात हा प्रकार फार वाढला, म्हणून चांदण्या बंद केल्या. आता मी फक्त 'कशावरून?' हे विचारते. 'असंच' हे उत्तर चालत नाही. 'माझ्या तीन विती बसतील असं वाटलं' हे चालतं, अंदाज चुकलेला असला तरी.

दहा वस्तूंचे अंदाज एका दमात लिहून घेऊ नका. एका वस्तूचा अंदाज, लगेच माप, मग दुसरी वस्तू. पहिल्या मापाने नजर सुधारते आणि ती सुधारणा दुसऱ्या अंदाजात दिसते. मूल अगदीच अडलं तर दोन प्रश्न विचारा: 'नक्की याहून कमी नाही असा आकडा सांग, नक्की याहून जास्त नाही असा सांग.' मग मधलं काहीतरी निवडायला ते घाबरत नाही.

वजनाच्या अंदाजात हात फसवतो, आणि हे मुलांना मुद्दाम दाखवावं. एक लहान डबा आणि एक मोठा डबा घ्या, दोन्हीत वाळू भरून तराजूवर वजन अगदी सारखं करा. मुलं छातीठोकपणे सांगतात की लहान डबा जड आहे. तराजूवर काटा मधोमध थांबलेला पाहूनही पुन्हा हातात घेतलं की लहानच जड वाटतो, मलाही वाटतो. तराजू कशासाठी, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

धारकतेत डोळा फसतो. उंच निमुळत्या भांड्यातलं पाणी पसरट भांड्यात ओतलं की लहान मुलं म्हणतात, कमी झालं. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे प्रयोग करून दाखवलं होतं, आणि साधारण सात वर्षांपर्यंत असं वाटणं स्वाभाविकच आहे. समजावून सांगू नका. पुन्हा उलट ओतायला द्या, पुष्कळ वेळा ओतू द्या.

तुटकी पट्टी

माझ्या टेबलाच्या खणात एक तुटकी पट्टी आहे, पहिले तीन सेंटिमीटर गेलेली. माप शिकवायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. पेन्सिलीचं एक टोक ३ वर ठेवायचं, दुसरं १५ वर येतं. बहुतेक मुलं म्हणतात, पेन्सिल १५ सेंटिमीटर. मग मी एका मुंगीची कल्पना करायला सांगते. ती ३ वरून निघाली आणि एका रेघेवरून पुढच्या रेघेवर उडी मारत १५ पर्यंत गेली, तर उड्या किती? बारा. मोजायच्या असतात उड्या, म्हणजे रेघांमधल्या जागा. हे कळलं की १ पासून मोजायला सुरुवात करण्याची चूकही आपोआप जाते.

पट्टीच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगून टाकते. काही पट्ट्यांचं शून्य अगदी कडेला असतं, काहींचं थोडं आत, म्हणून आधी शून्य शोधायचं. पट्टीला इंचांची बाजू असेल तर त्यावर चिकटपट्टी लावून ती झाका. तीस सेंटिमीटरच्या पट्टीला आपण फूटपट्टी म्हणतो आणि त्यातही मुलं गोंधळतात, म्हणून वर्गात मी नुसतं पट्टी म्हणते. मोजपात्रातलं पाणी वाचताना पात्र टेबलावर ठेवून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, आणि पाण्याचा पृष्ठभाग जिथे सर्वात खाली वाकलेला असतो तिथलं माप वाचायचं.

रूपांतर: भांडं लहान, खेपा जास्त

'मोठ्या एककातून लहानात जाताना गुणायचं' हा नियम मी आता शिकवत नाही. मुलांच्या मनात त्याने गुंताच होतो: लहानात जायचं तर भागायचं ना? त्याऐवजी बादली भरायला लावते, एकदा तांब्याने, एकदा बाटलीच्या झाकणाने. (झाकणाच्या शंभर खेपा झाल्या की थांबवते, तेवढ्याने मुद्दा पोहोचतो.) भांडं लहान, खेपा जास्त. मीटरच्या ऐवजी सेंटिमीटरने मोजलं तर भांडं लहान झालं, म्हणजे खेपांचा आकडा वाढणार. कोणतंही रूपांतर करण्याआधी 'आकडा वाढेल की कमी होईल?' एवढंच विचारते. उत्तर तोंडी द्यायचं, मगच पेन्सिल उचलायची.

त्यानंतर प्रत्येक मूल स्वतःची मीटरपट्टी करतं. दोन रंगांच्या दहा-दहा सेंटिमीटरच्या कागदी पट्ट्या आलटून पालटून चिकटवायच्या. एक तुकडा म्हणजे डेसिमीटर. रोजच्या व्यवहारात हे एकक फारसं येत नाही म्हणून पुष्कळ जण ते गाळतात. मी गाळत नाही, कारण दहा तुकडे मुलाला एका नजरेत दिसतात, शंभर रेघा दिसत नाहीत.

नावांवर एक तास जरूर घालवा. आपण बाजारात नुसतं 'किलो' म्हणतो, त्यामुळे मुलांना किलो म्हणजे वजन वाटतं आणि किलोमीटर हा वेगळाच प्रकार वाटतो. किलो म्हणजे हजार. हजार ग्रॅम, हजार मीटर. मिली म्हणजे हजारावा भाग, मग तो लीटरचा असो की मीटरचा. सेंटी म्हणजे शंभरावा भाग. लॅटिनमधला सेंटम आणि आपला 'शत' हे शब्द मुळात एकाच कुळातले आहेत, हे सांगितलं की सेंटी परका राहत नाही. डेसी, सेंटी, मिली हे तुकडे करणारे शब्द लॅटिनमधून घेतले, तर डेका, हेक्टो, किलो हे पटी करणारे ग्रीकमधून.

सर्वात चिवट चूक दशांशाची. १ मीटर ५ सेंटिमीटर हे मुलं १.५ मीटर असं लिहितात. हे फळ्यावर खोडून दुरुस्त होत नाही. दोन कागदी मीटरपट्ट्या एकापुढे एक ठेवा आणि मुलाला १.५ वर बोट ठेवायला सांगा. बोट दुसऱ्या पट्टीच्या मध्यावर जातं. मग ५ सेंटिमीटरवर ठेवायला सांगा. दोन बोटांमधलं अंतर पाहून मूल स्वतःच १.०५ पर्यंत पोहोचतं. वजनातही तेच: १ किलो ५० ग्रॅम म्हणजे १.०५० किलो. या दिवसांत घड्याळाचा पाठ मात्र घेऊ नका. अडीच तास आणि २.३० यांची सरमिसळ लगेच होते.

एकक न लिहिलेलं उत्तर मी अर्धवट मानते. थोड्या मोठ्या मुलांना त्याचं कारणही सांगते. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ विमानात इंधन भरताना किलोग्रॅमच्या जागी पाउंडांचा हिशेब धरला गेला. आकडा बरोबर दिसत होता, इंधन मात्र निम्म्याहूनही कमी होतं आणि ते हवेतच संपलं. वैमानिकांनी विमान तरंगत आणून गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले.

दहा सेंटिमीटरचा डबा

लांबी, धारकता आणि वस्तुमान हे तीन पाठ पुस्तकात वेगवेगळे येतात. ते एकमेकांना जिथे भेटतात तो प्रयोग मी वर्षाच्या शेवटी ठेवते. जाड पुठ्ठ्याचा वरून उघडा डबा करायचा, आतून लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दहा सेंटिमीटर. आत पाणी न गळणारी पातळ पिशवी अंथरायची. आधी अंदाज लिहायचा: यात किती पाणी मावेल? मुलांचे आकडे पाव लीटरपासून पाच लीटरपर्यंत जातात. मग मोजून एक लीटर पाणी ओततो आणि ते डब्याच्या कडेपर्यंत येऊन थांबतं. पुठ्ठा फुगू नये म्हणून चारही बाजूंना चार मुलांचे तळवे लागतात. नंतर तेच पाणी तराजूवर, रिकाम्या भांड्याचं वजन वजा करून. काटा एक किलोच्या जवळ येतो. पाचदहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर लपवू नका. थेंब कुठे सांडले, पिशवीच्या घडीत किती अडकले, हे मुलांनाच शोधू द्या.

मग एक सेंटिमीटरचा लहानसा घन घ्यायचा, एका बाजूने उघडा. ड्रॉपरने एक मिलीलीटर पाणी सोडलं की तो भरतो, आणि त्या पाण्याचं वजन एक ग्रॅम. गेल्या वर्षी एका मुलीने तो घन बराच वेळ तळहातावर धरून ठेवला आणि विचारलं, 'बाई, असे किती लागतील मोठा डबा भरायला?' मी उत्तर दिलं नाही. तिने डब्याच्या तळाशी एका कडेला दहा खुणा केल्या, दुसऱ्या कडेला दहा केल्या, आणि मग उंचीकडे पाहत थांबली.