गाळप हंगामाआधी ट्रॉलीच्या चाकांचे नट एकदा सोडवून पाहा

पावसाळाभर बांधाला उभी असलेली ट्रॉली दसऱ्याच्या सुमारास बाहेर निघते. खंडेनवमीला ती धुऊन-पुसून तिला हळदकुंकू लागते, टायरमध्ये हवा भरली जाते, रिफ्लेक्टर चिकटवले जातात आणि कारखान्याची तोड आली की ती फडात जाते. चाकाच्या नटांना मात्र कुणी पाना लावून बघत नाही. मग पहिले पंक्चर होते ते रात्री, रस्त्याच्या कडेला, वर ऊस भरलेला असताना, आणि नट जाम झालाय हे तेव्हा कळते. घरी रात्रभर तेल मुरवून सुटला असता असा नट तिथे घाईत गोल होतो, नाहीतर नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, म्हणजे स्टड, तुटतो. म्हणून तोड सुरू होण्याआधी सवड काढून प्रत्येक चाकाचा प्रत्येक नट एकदा सोडवून पुन्हा बसवून घ्यावा. बैलांच्या टायरगाडीलाही हेच लागू आहे.

नट नुसत्या पावसाने एवढा धरत नाही. याच ट्रॉलीतून आपण युरिया आणि पोटॅशची पोती, शेणखत, कारखान्याची मळी आणतो. सांडलेल्या खतातले क्षार ओलावा ओढून घेतात आणि नट-स्टडच्या फटीत बसून लोखंड खातात. म्हणून खत वाहिल्यावर चाकांवर पाणी मारणे हे नट सोडवण्यापेक्षा सोपे काम आहे. दुसरे कारण माणसाने केलेले असते: पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने नट वाजेपर्यंत आवळला जातो. आटे ताणले जातात आणि पुढच्या वेळी हाताने तो सुटत नाही.

कामाला ट्रॉली रिकामी हवी आणि ट्रॅक्टरला जोडलेली हवी. ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ज्या चाकाचे काम नाही त्याच्या पुढे-मागे दगड किंवा लाकडी ठोकळे. नट ढिले करताना चाक जमिनीवरच असू द्या. जॅकवर उचललेल्या चाकाला जोर लावला की एकतर चाक फिरते किंवा जॅक कलतो. नट हलल्यावरच जॅक लावायचा. काळ्या रानात जॅकखाली जाड फळी घाला, नाहीतर तो वजनाने मातीत रुततो. उचलल्यावर आकाखाली (ॲक्सलखाली) ठोकळे रचा. फक्त जॅकच्या भरवशावर चाकाजवळ पाय घालून बसू नये.

आदल्या संध्याकाळी स्टडचे बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने घासून गंज आणि माती काढा. मग गंज सोडवणारे स्प्रे-तेल नटाच्या दोन्ही बाजूंनी सोडा. ते नसेल तर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून चालते, वेळ थोडा जास्त लागतो. तेल टाकून लगेच पाना लावणे म्हणजे तेल वाया घालवणे. त्याला आट्यांत उतरायला तास लागतात, म्हणून रात्रभर राहू द्या. झोपण्यापूर्वी नटाच्या कडांवर हातोडीचे हलके ठोके मारून परत तेल सोडा, ठोक्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात. ठोके नटावर मारायचे, स्टडच्या टोकावर नाहीत. टोक चेपले तर नट सुटूनही बाहेर निघत नाही.

सकाळी पहिला जोर आवळण्याच्या दिशेने थोडासा द्या. हे उलटे वाटेल, पण गंजाची पकड मोडायला त्याने मदत होते. नट कणभर हलला की मग सोडण्याच्या दिशेने. पाव फेरा सुटला की तेल, पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सोडा. करकर आवाज करत एकदम ओढून काढलेला नट आटे घेऊनच येतो.

जुन्या ट्रकचा आक घालून बनवलेली ट्रॉली असेल तर आधी एक गोष्ट बघा. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात आणि स्टडच्या टोकावर बहुधा इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो. अशा ठिकाणी सगळे गाव जोर लावते आणि नट अधिकच आवळत जातो.

पान्याला पाईप घालण्याबद्दल दोन मते आहेत. माझे मत असे की सोडवताना बेताने वापरावा, आवळताना अजिबात नाही. हिशोब सोपा आहे. फूटभर लांबीच्या पान्यावर ५० किलोचा भार टाकला तर नटावर सुमारे १५ किलो-मीटरचा (किलोतला भार गुणिले मीटरमधली लांबी) पीळ येतो. चार फुटी पाईप घातला की तोच माणूस ६० किलो-मीटर देतो. कारच्या चाकाचा नट साधारण १० ते १२ किलो-मीटरवर आवळतात. ट्रॉलीचा स्टड जाड असला तरी चौपट पीळ तो कायम सोसेल असे नाही. सोडवतानाही पाईपवर उभे राहून उड्या मारू नका. पाना निसटला तर गुडघा फुटतो. पाईप जमिनीला समांतर ठेवून, पाय रोवून, खाली दाबत जा.

पानाही नीट हवा. नटावर सहा कोपऱ्यांची गोटी (सॉकेट) पूर्ण खोल बसली पाहिजे. जबडा पसरलेला फिक्स पाना किंवा पकड पाना कोपरे खातो, आणि नट गोल होण्याचे पहिले कारण बहुतेक वेळा हेच असते. कोपरे झिजलेच असतील तर किंचित लहान मापाची गोटी घणाने ठोकून बसवावी. २१ मिमीच्या नटावर १३/१६ इंची गोटी, म्हणजे सुमारे २०.६ मिमी, घट्ट बसते. गोटी जुनी, वाया गेली तरी चालेल अशी घ्या. तेही जमले नाही तर छन्नी: नटाच्या एका सपाट बाजूवर कडेजवळ खाच पाडा, मग छन्नी तिरपी धरून नट सुटेल त्या दिशेला ठोका. शेवटचा उपाय नटच फोडणे. छन्नीने किंवा ग्राइंडरने स्टडला समांतर काप घेतला की नट उघडतो. ग्राइंडर चालवताना डोळ्यांना चष्मा हवा, जवळ पाचट, कडबा किंवा डिझेलचे फडके नको, आणि आधी मारलेला स्प्रे पुसून घ्या, तोही पेट घेतो.

कधी नट फिरतो पण बाहेर येत नाही. म्हणजे एकतर आटे गेलेत किंवा स्टडच हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात, सैल होऊन नटाबरोबर फिरतोय. इथे जोर लावून उपयोग नाही, नट कापावाच लागतो आणि स्टड नवा घालावा लागतो.

आता ज्यासाठी हा सल्ला मुख्यतः लिहिला आहे ते. नट सुटत नाही म्हणून वेल्डरला बोलावून त्यावर मोठा नट वेल्ड करणे किंवा गॅसच्या ज्योतीने तो लाल करणे ही सर्रास पद्धत आहे. नट सुटतोही. पण टायर रिमवर असताना हे कधीही करू नका. रिम तापली की आतल्या रबराचे विघटन होऊन ज्वलनशील वायू तयार होतात, आतली हवा आणि ते वायू मिळून पेट घेतात आणि क्षणात दाब इतका वाढतो की टायर बॉम्बसारखा फुटतो, रिमचे तुकडे उडतात. हवा सोडली म्हणजे धोका गेला असे नाही. हवा सोडलेले टायरही वेल्डिंगच्या उष्णतेने फुटू शकतात. काम संपल्यावर काही वेळानेही हे होऊ शकते. उष्णता द्यायचीच असेल तर टायर रिमवरून पूर्ण उतरवलेला पाहिजे. ते शक्य नसेल तर छन्नीने नट फोडा. एका नटाची आणि स्टडची किंमत त्या धोक्यापुढे काहीच नाही. चुकून एखादे चाक फार तापलेच तर सगळ्यांना लांब करा आणि दुसऱ्या दिवशीच जवळ जा.

काही छोट्या अवजारांना आणि गाड्यांना दोन तुकडे बोल्टने जोडलेली रिम असते. तिथे कोणता नट हबचा आणि कोणता रिमचे तुकडे धरणारा, हे ओळखल्याशिवाय पाना लावू नका. हवा भरलेली असताना रिमचे नट सुटले तर तुकडे अंगावर येतात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात पाणी भरलेले असेल तर एका टायरमध्ये दीड-दोनशे लिटर पाणी असू शकते. ते चाक एकट्याने काढायला जाऊ नये.

सगळे नट निघाले तरी चाक हबला चिकटून बसले असेल तर नट दोन-तीन आटे परत लावा, जॅक उतरवा आणि ट्रॉली हातभर पुढे-मागे हलवा. चाक सुटते, आणि नट असल्यामुळे निखळून पडत नाही.

बसवताना नटाचा निमुळता भाग आणि रिमचे भोक कोरडे, स्वच्छ ठेवा. त्यावर ग्रीस नको, नट पुढे सैल होतो. आटे ब्रशने साफ करून पहिले चार-पाच फेरे हातानेच फिरवा. हाताने जात नसेल तर आटे चुकलेत. एक आवळला की त्याच्या समोरचा, अशा क्रमाने दोन टप्प्यांत आवळा. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आवळण्याचे माप दिलेले असते, ट्रॉलीसाठी ते बनवणाऱ्याला विचारा. एक स्टड तुटला असेल तर त्याच्या शेजारचे दोन्हीही बदला, कारण त्याचा भार त्यांनी सोसलेला असतो. दोन तुटले असतील तर त्या चाकाचे सगळेच बदला.

पहिली खेप टाकून कारखान्यातून परतल्यावर नट पुन्हा आवळून बघा, आठवड्याने परत एकदा. नटाभोवती गंजाचे ओघळ किंवा चकाकणारे घासलेले लोखंड दिसले तर तो नट सैल चालतोय. भोक लंबगोल झालेले असेल तर ती रिम हंगामात चालवू नका. पेटीत चार नट, दोन स्टड आणि नीट बसणारी एक गोटी ठेवा. दुकानातून आणताना जुना नट नमुन्याला न्या. जाडी सारखी दिसली तरी आटे बारीक-मोठे असतात, आणि चुकीचा नट पहिल्याच आवळणीत स्टड खराब करतो.