चालत्या गाडीत कॉल तुटतो? या चुका टाळा

कर्जत सोडून गाडी बोरघाट चढायला लागली की डब्यात ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?’ सुरू होतं. मग जो तो आपापला इलाज करतो, आणि निम्मे इलाज दुखणं वाढवणारेच असतात.

सगळ्यात वाईट म्हणजे फोनला एकाच नेटवर्कला जखडून ठेवणं. *#*#४६३६#*#* डायल केलं की बऱ्याच अँड्रॉइड फोनांत छुपा मेन्यू उघडतो. तिथे ‘एलटीई ओन्ली’ (फक्त फोरजी) किंवा ‘एनआर ओन्ली’ (फक्त फाइव्हजी) करा, स्पीड वाढेल, असं व्हिडिओवाले छातीठोकपणे सांगतात. घरात एका जागी बसून करायचं तर करा. प्रवासात मात्र कॉल चालू असतानाही फोन आजूबाजूच्या टॉवरचे सिग्नल मोजत असतो. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरचा टॉवर मोजायला फोरजी नेटवर्क त्याला साधारण दर ४० किंवा ८० मिलिसेकंदांनी ६ मिलिसेकंदांची सवड देतं. तेवढ्यात तिकडे जाऊन ऐकायचं आणि परत यायचं. शेजारचा सिग्नल ठरलेल्या फरकाने, ठरलेला वेळ सरस राहिला की फोन तसं कळवतो. हलायचं की नाही हे नेटवर्क ठरवतं. तुम्ही वाटाच बंद केल्यात तर फोनने कळवायचं काय? २३०० मेगाहर्ट्झवरून ८५० किंवा ९०० वर उतरल्यावर स्पीड कमी होतो, मान्य. पण लांबवर पोचतात आणि भिंतीपलीकडे शिरतात त्या याच खालच्या फ्रिक्वेन्सी.

बोगद्यात तर मोजणी पुरी व्हायच्या आतच सिग्नल कोसळतो. तिथे सेटिंग्ज कितीही बदला, उपयोग नाही. आवाज गेला की लगेच कॉल कापू नका किंवा फ्लाइट मोड दाबू नका. फोन स्वतःच पुन्हा जोडणीची धडपड करत असतो. दोन-चार सेकंद थांबा. फ्लाइट मोडने उरलीसुरली आशाही संपते.

वाय-फायचं गणित उलटं. तिथे कुठल्या राउटरला धरून राहायचं हे बहुतेक वेळा फोनच ठरवतो, आणि तो फार चिवट असतो: तुम्ही पार्किंगमध्ये, हा अजून हॉलमधल्या राउटरलाच चिकटलेला. महत्त्वाचा कॉल असेल तर निघण्याआधीच वाय-फाय बंद करा. वाय-फाय कॉलिंग वापरत असाल तर व्होल्टेही (फोरजीवरून कॉल करण्याची सोय) चालू ठेवा, नाहीतर कॉल टॉवरकडे सोपवताच येत नाही.

आणि ऑनलाइन मिळणारा स्वस्त सिग्नल बूस्टर घेऊ नका. विनापरवाना बूस्टर बसवणं बेकायदा आहेच, शिवाय त्याच्या गोंगाटाने आसपासच्या सगळ्यांचेच कॉल बिघडतात.