ग्रहांवरचं वजन हाताला कसं दाखवावं: पाच कॅनचा प्रयोग

विज्ञान प्रदर्शनात ‘कोणत्या ग्रहावर तुमचं वजन किती’ हा तक्ता हमखास असतो आणि त्याच्यासमोर कुणी थांबत नाही. गुरुत्व वाचून कळत नाही, ते हाताला जाणवावं लागतं.

तेलाचे पाच लिटरचे रिकामे, एकसारखे पाच कॅन घ्या. सांगलीत गणपती पेठेत सहज मिळतील. धुवा, वाळवा, बाहेरून रंगवा.

मूळ वस्तू म्हणून दोन किलो हळकुंडं धरा. मग क्रश सँड भरून कॅनसकट वजनं अशी करा: पृथ्वी २ किलो, चंद्र ३३० ग्रॅम, मंगळ ७५५ ग्रॅम, शनी २ किलो १३० ग्रॅम, गुरू ५ किलो ६० ग्रॅम. ‘कॅनसकट’ हे विसरू नका, चंद्राच्या वाट्याचं बरंचसं वजन रिकामा कॅनच खातो. उरलेली मूठभर वाळू खुळखुळली की मुलं उचलण्याआधीच ओळखतात, म्हणून वरून चिंध्या कोंबा आणि मगच काटा करा.

आता अवघड भाग. मला तो बसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि बहुतेक मार्गदर्शक पुस्तिका तो गाळतात.

चंद्राच्या कॅनवर ‘३३० ग्रॅम’ असं कधीही लिहू नका. दोन किलो हळद चंद्रावरही दोन किलोच राहते, तिथला ओढा तेवढा सहा पटींनी कमी होतो. म्हणून टेबलावर ताणकाटा (स्प्रिंगचा, टांगून वजन करायचा काटा) आणि दोन पारड्यांचा तराजू दोन्ही ठेवा. चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा. चंद्रावर किलोच्या खुणांचा ताणकाटा त्याला साधारण ४.३ दाखवेल. तराजूत मात्र समोर २६ किलोचीच मापं लागतील, कारण मापंही तितकीच हलकी होतात. मुलांना आधी उत्तर विचारा, मग समजावा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मुलांना कॅन सरळ वर उचलू द्या, आडवा हलवू किंवा फेकू अजिबात देऊ नका. उचलताना चंद्राचा कॅन खरं सांगतो, हलवताना खोटं. खऱ्या चंद्रावर दोन किलोची पिशवी उचलायला हलकी लागेल, पण आडवी ढकलायला किंवा येताना अडवायला इथल्याइतकाच जोर लागेल. जडत्व वस्तुमानावर ठरतं, गुरुत्वावर नाही. आपल्या कॅनमध्ये ते वस्तुमानच नाही. हे दाखवायचं तर पृथ्वीचा दोन किलोचा कॅन लांब दोरीने तुळईला टांगा आणि मुलांना तो एका बोटाने झटकन ढकलायला सांगा. ‘चंद्रावरही सुरुवातीचा धक्का एवढाच द्यावा लागेल’ हे तिथेच, बोट कॅनवर असताना सांगा. हा टांगलेला कॅन नसेल तर बाकीचे चार मांडूच नका, मुलं अर्धवट समजून घरी जातात.

शनीचा कॅन पृथ्वीच्या शेजारीच ठेवा. ‘मोठा ग्रह म्हणजे जास्त वजन’ असं शिकवणाऱ्यांना त्याने उत्तर मिळतं. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, पण त्रिज्याही नऊ पटींहून जास्त, आणि ओढा अंतराच्या वर्गाने घटतो. म्हणून फरक जेमतेम १३० ग्रॅमचा. बुध तर मंगळाच्या निम्म्या वस्तुमानाचा, तरी आटोपशीर आणि घन असल्यामुळे दोघांवर वजन जवळपास सारखंच भरतं. मंगळाच्या कॅनवर बुधाचंही नाव घाला, वेगळा कॅन नको.

गुरू आणि शनीच्या चिठ्ठीवर ‘ढगांच्या वरच्या थराशी’ असं लिहा. तिथे उभं राहायला जमीन नाही.

गुरूचा कॅन टेबलावर नको, खाली जमिनीवर ठेवा. लहान मुलांच्या पायावर पडतो.