चार तासांहून लांब वेव्ह फाइलची लांबी चुकीची दिसणे: माझा अनुभव

कुडाळ परिसरातील दशावतारी नाटकांच्या रात्रभराच्या ध्वनिमुद्रणासाठी आम्ही सी प्लस प्लसमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप बनवले आहे. त्यात मुद्रित केलेली सहा तासांची वेव्ह फाइल डिस्कवर ६.२ जीबी असूनही प्लेअरमध्ये १ तास ५१ मिनिटांचीच दिसे. प्लेअर व डिस्क बदलली, बफर वाढवला, तरी फरक पडला नाही. पहाटेचा युद्धप्रसंग हातचा गेला, या विचाराने जीव तुटत होता.

वेव्हच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, आकारासाठी ३२ बिटच असतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ ध्वनीला सेकंदाला २,८८,००० बाइट लागतात, त्यामुळे ४ तास ८ मिनिटांनंतर आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ध्वनी मात्र फाइलमध्ये पूर्ण असतो.

उपाय आरएफ६४ या, आकार ६४ बिटांत ठेवणाऱ्या वेव्हच्याच विस्तारित स्वरूपाचा आहे. मुद्रण सुरू होताच पहिल्या १२ बाइटनंतर २८ बाइट मजकुराचा ‘जंक’ खंड (रिकामी राखीव जागा) ठेवावा आणि लिहिलेले बाइट ६४ बिटांच्या चलात मोजावेत. फाइल बंद करताना आकार ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे गेला असेल, तर फाइलच्या सुरुवातीच्या ‘रिफ’ या खुणेजागी ‘आरएफ६४’ आणि ‘जंक’जागी ‘डीएस६४’ लिहावे. त्यात फाइलचा आकार (पहिले ८ बाइट वगळून), ध्वनीचा आकार व नमुन्यांची संख्या याच क्रमाने ६४ बिटांत भरून शेवटचे चार बाइट शून्य ठेवावेत, आणि फाइल व ध्वनी यांच्या आकाराच्या जुन्या दोन्ही ३२ बिटी जागांत वरील कमाल आकडा लिहावा.

आधीच्या बिघडलेल्या फाइली एफएफएमपेग या ध्वनी-चित्रफिती रूपांतरित करणाऱ्या साधनाने वाचवता येतात: ‘इग्नोर लेंग्थ’ पर्याय इनपुट फाइलच्या आधी, तर ‘आरएफ६४’ पर्याय ‘ऑटो’ करून आउटपुटच्या आधी द्यावा.