डक्टचा साइझ काढण्याआधी

मेकॅनिकलची डिग्री घेऊन एचव्हीएसीत, म्हणजे एसी आणि व्हेंटिलेशनच्या कामात आलो आणि पहिलं वर्षभर फक्त ऑफिसच्या इमारतींचे डक्ट, म्हणजे हवा नेणारे पत्र्याचे मार्ग, काढले. लोड कॅलक्युलेशनमधून, म्हणजे खोलीला किती थंडावा लागेल या हिशोबातून, सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) यायचे. मग डक्टुलेटर, म्हणजे डक्टचं माप काढायची चकती, फिरवायचा, शंभर फुटांमागे ०.०८ ते ०.१ इंच पाणी एवढं घर्षण धरायचं (दाब इथे पाण्याच्या उंचीत मोजतात) आणि आलेला गोल व्यास चौकोनी मापात बसवायचा. मेन डक्टमध्ये मिनिटाला हजार-बाराशे फूट वेग, ब्रँचमध्ये, म्हणजे फाट्यांमध्ये, त्याहून कमी. आवाज नको, फॅनवर भार नको. या कामावर माझा हात बसला.

मग भोसरीतल्या एका फर्निचर कारखान्याचं काम आलं. करवत आणि रंधा मशीनचा भुसा ओढून सायक्लोनपर्यंत, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणाऱ्या यंत्रापर्यंत, न्यायचा होता, एकूण हवा २४०० सीएफएम. मी सवयीने १२०० फूट वेग धरला. २४०० भागिले १२०० म्हणजे २ चौरस फूट, म्हणजे १९ इंची गोल डक्ट. घर्षण कमी, मोटर लहान. महिनाभरात फोन आला, डक्ट टांगलेले हँगर वाकलेत. डक्ट उतरवला तर आत भुशाचा थर बसलेला. सुका भुसा आणि जवळच चालणाऱ्या मशीनच्या मोटर. एक ठिणगी पडली असती तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

ऑफिसच्या डक्टमधून नुसती हवा जाते, इथे हवेला ओझं वाहायचं असतं. लाकडाच्या भुशाला साधारण ३५०० ते ४००० फूट वेग लागतो. तीच २४०० सीएफएम हवा ४००० फुटांनी न्यायची तर ०.६ चौरस फूट पुरतं, व्यास साडेदहा इंच. पत्रा वाचतो, पण किंमत दाबात मोजावी लागते. वेगाला ४००५ ने भागून वर्ग करा, व्हेलॉसिटी प्रेशर, म्हणजे वेगामुळे येणारा दाब, इंच पाण्यात मिळेल: १२०० फुटांना ०.०९ इंच, ४००० फुटांना जवळजवळ १ इंच. हूड (मशीनजवळचं भुसा ओढणारं तोंड), एल्बो (वळण), ब्रँच यांत जाणारा दाब याच आकड्याच्या पटीत मोजतात, त्यामुळे ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखाही बदलावा लागला. ब्रँच जोडल्या की मेन डक्ट त्या हिशोबाने वाढवत न्यायचा. सुरुवातीपासून एकच मोठा व्यास ठेवला, तर ब्लोअरपासून लांबच्या टोकाला वेग पडतो आणि भुसा तिथेच बसतो.

हूड मशीनला जितका चिकटून ठेवता येईल तितका ठेवा. उघड्या पाइपच्या तोंडापासून एक व्यास दूर गेलं, की तिथला वेग तोंडावरच्या वेगाच्या दहा टक्क्यांच्याही खाली येतो. ऑपरेटर ‘हात अडतो’ म्हणाला, तर त्याच्याशेजारी उभं राहून त्याचं काम बघा. हूडचा आकार मला तिथेच सुचत गेला.

इमारतींच्या कामात नव्या मुलांना आर्किटेक्टचा ‘फॉल्स सीलिंगमध्ये जागा नाही’ हा आग्रह मोडता येत नाही. तेव्हा हिशोब समोर ठेवा. २४ बाय १२ आणि ४८ बाय ६ यांचं क्षेत्रफळ एकच, २८८ चौरस इंच. पण परिमिती ७२ वरून १०८ इंचांवर जाते, म्हणजे दीडपट पत्रा, आणि तितक्याच हवेला घर्षण दीडपटीहून जास्त. शक्यतो रुंदी उंचीच्या चौपटीपुढे नेऊ नका.

आणि पिटो ट्यूबची, म्हणजे डक्टमधला हवेचा वेग मोजायच्या नळीची, टेस्ट होल ड्रॉइंगमध्येच दाखवा, सरळ लांबीत, एल्बोपासून दूर. सीलिंग लागल्यावर ही भोकं पाडू द्यायला कुणी तयार नसतं.